कुंडीतलं कागदी लिंबू शेंड्याकडून वाळतंय : कारण कसं ओळखायचं आणि करायचं काय?

गच्ची_जुळेसोलापूर (एप्रिल)

नमस्कार मंडळी. कागदी लिंबाचं झाड आहे, कलम नाही, बियांचं रोप. उंची पाच फुटांच्या आसपास. १८ इंची काळी प्लॅस्टिकची कुंडी, गच्चीच्या पश्चिमेच्या कठड्याला लागून. माती अर्धी काळी, अर्धं शेणखत. पाणी बोअरचं, रोज संध्याकाळी एक-दोन तांबे, शिवाय आर.ओ.चं वाया जाणारं पाणी. खत म्हणून महिन्याला चमचाभर डीएपी आणि अंड्याची टरफलं.

संक्रांतीनंतर शेंडे वाळायला लागले. आता पश्चिमेकडच्या दोन फांद्या पार वाळल्या आहेत, बाकीच्यांचे शेंडे उघडे पडलेत. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. जुन्या पानांची टोकं करपलेली. फुलं मात्र भरपूर येतात आणि गळतात. कार्बेन्डाझिम फवारलं, निंबोळी तेलही फवारलं, फरक नाही. आता कोणतं औषध मारू? वाळलेलं सगळं छाटून टाकू का?

मुळाशी_आधी

ताई, फवारणी थांबवा आणि कात्रीही दोन दिवस बाजूला ठेवा. शेंडा वाळणं हे दिसणारं लक्षण आहे. कुंडीतल्या लिंबात त्याचं मूळ बहुतेक वेळा मातीतच सापडतं. वरून कितीही औषध मारलं तरी खाली मुळं कुजत असतील तर पुढचा शेंडा वाळणारच.

आधी नखाने किंवा चाकूच्या पाठीने फांदीची साल जरा खरवडा. शेंड्यापासून सुरुवात करून दोन-दोन इंच खाली येत जा. साल कोरडी, तपकिरी लागली तर तेवढा भाग मेला. खाली हिरवी ओलसर साल लागली तर पानं नसली तरी फांदी जिवंत आहे. मेलेल्या आणि जिवंत भागाची सीमा जिथे लागेल तिथे सुतळी बांधा. आठवड्याने पुन्हा पाहा. सीमा सुतळीच्या खाली सरकली असेल तर रोग चालू आहे. तिथेच असेल तर झाडाने स्वतःच तेवढी फांदी सोडून दिली आहे आणि वाळणं थांबलंय.

मग पानं पाहा. पानं आधी गळून फांदी उघडी पडली आणि नंतर शेंड्याकडून हळूहळू वाळली, तर मुळं, क्षार किंवा अन्नद्रव्यं यांच्याकडे बोट जातं. एखादी फांदी पानांसकट एकदम वाळली आणि कोरडी पानं तशीच लटकत राहिली, तर त्या फांदीला खाली कुठेतरी इजा झाली आहे. साल कातरली गेली असेल, अळीने पोखरलं असेल किंवा त्या बाजूचं मूळ एकाएकी मेलं असेल. शेवटी मातीलगतचं खोड पाहा: डिंक येतोय का, साल मऊ पडलीय का, दाबल्यावर आंबट-कुजका वास येतो का.

तुमच्या फांद्या एकाच बाजूच्या वाळल्या आहेत, तीही पश्चिमेच्या. हे महत्त्वाचं आहे.

किडी_मकोडी

माझ्याकडून दोनच गोष्टी तपासायला सांगतो. फांदीच्या बेचक्यात लाकडाचा भुसा आणि विष्ठा जाळ्यात अडकून फितीसारखी चिकटलेली दिसली तर ती साल खाणारी अळी. ती रात्री खाते, दिवसा बेचक्यातल्या भोकात बसते. जाळी खरवडून काढा, भोकात सायकलची तार घालून अळी मारा, पेट्रोलचा छोटा बोळा आत सारून ओल्या मातीने बंद करा. दुसरं म्हणजे वाळत्या फांदीवर तपकिरी, न हलणारे ठिपके आहेत का? नखाने टवका निघाला तर खवले कीड. मुंग्यांची रांग चढताना दिसली तर खवले किंवा पिठ्या ढेकूण आहेत, असं समजून शोधा. यातलं काही नसेल तर माझा विषय इथे संपला.

चुनखडी_वाफसा

पाण्याबद्दल लिहितो, कारण सोलापुरात कुंडीतल्या लिंबाचं निम्मं दुखणं तिथेच आहे.

आर.ओ.चं वाया जाणारं पाणी लिंबाला आजच बंद करा. यंत्र शुद्ध पाणी बाजूला काढतं तेव्हा मूळ पाण्यातले क्षार या उरलेल्या पाण्यात गोळा होतात. म्हणजे बोअरचं पाणी आधीच जड, त्याहून जड पाणी आपण झाडाला देतोय. नारळ, चिक्कू यांना हे बऱ्यापैकी सोसतं, लिंबूवर्गीय झाडांना नाही. संत्र्याच्या बाबतीत मातीच्या अर्काची क्षारता १.७ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की उत्पादन घटायला लागतं. टीडीएसमध्ये, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांत, मोजायचं तर ढोबळमानाने ११०० पीपीएम.

रोज एक-दोन तांबे पाणी ही यातली सगळ्यात घातक सवय आहे. १८ इंची कुंडीत साधारण ४० लिटर माती असते. दोन तांब्यांनी वरची चार बोटं भिजतात, पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात आणि खालून कधीच बाहेर पडत नाहीत. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरी खर दिसते ती हीच. पानांची टोकं करपणं हेही त्याचंच.

टीडीएस मीटर घ्या, महाग नसतो. कुंडीला खालून पाणी निघेपर्यंत भरपूर पाणी द्या. अर्धा तास थांबा. मग अर्धा लिटर पाणी सगळ्या मातीवर गोल फिरवून ओता आणि खालून येणारं पहिलं वाटीभर पाणी धरा. वरून घातलेलं पाणी आणि खालून आलेलं पाणी, दोन्ही मोजा. खालचा आकडा वरच्याच्या दुपटीहून जास्त असेल तर कुंडीत क्षार साठलेत. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण निर्णय घ्यायला पुरते. पक्कं हवं असेल तर कृषी विज्ञान केंद्रात माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या.

दुसरी चाचणी स्वयंपाकघरातली. चमचाभर कोरड्या मातीवर पांढरं व्हिनेगर टाका आणि कान जवळ न्या. बुडबुडे आले, चुरचुर आवाज आला तर मातीत चुनखडी आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीत ती असतेच. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, म्हणून नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या.

गच्ची_जुळेसोलापूर

सगळं तपासलं. साल खाणारी अळी नाही, खवले नाहीत, डिंक नाही. पश्चिमेच्या दोन फांद्या शेंड्याकडून थेट खोडाच्या चार-पाच इंच अलीकडेपर्यंत मेल्या आहेत, बाकीच्या शेंड्याकडून सहा-आठ इंच. सुतळ्या बांधल्या आहेत.

बोअरचं पाणी ११५०, आर.ओ.चं १९००. खालून पाणी यायलाच फार वेळ लागला, जे आलं त्याचा आकडा ३४००. व्हिनेगरवर माती चांगलीच चुरचुरली.

कुंडी आडवी करून मातीचा गोळा अर्धा बाहेर सरकवून पाहिला. खालची दोन भोकं मातीने बुजलेली. वरची मुळं पिवळसर पांढरी. तळाची तपकिरी, दोन बोटांत धरून ओढलं की वरची साल निघून येते आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. तळाच्या मातीला गटारीसारखा वास आहे. पश्चिमेच्या बाजूला कुंडीच्या भिंतीलगत जिवंत मूळ जवळजवळ नाहीच.

मुळाशी_आधी

आता चित्र स्पष्ट झालं. इथे एक नाही, तीन कारणं एकावर एक बसली आहेत.

तळाला पाणी साचून मूळकूज झाली. साल सुटून गाभा उरणं ही फायटोफ्थोराच्या मूळकुजीची ओळख. तिच्यावर कार्बेन्डाझिम चालत नाही, कारण हा जीव खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. तुमच्या फवारणीचा उपयोग झाला नाही तो त्यामुळे. वरच्या मातीत क्षार साठले. आणि पश्चिमेची भिंत उन्हात तापून त्या बाजूची मुळं भाजली. लिंबाच्या मुळांची वाढ माती ३६-३७ अंशांच्या पुढे गेली की थांबते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवाच ४२-४३ ला जाते. काळ्या प्लॅस्टिकच्या आत, तीनपासून सहापर्यंतच्या उन्हात किती होत असेल पाहा. ज्या बाजूची मुळं जातात त्याच बाजूच्या फांद्या बहुतेक आधी वाळतात.

माझं मत: मृगाची वाट पाहू नका, आत्ताच कुंडी बदला. कुजलेला तळ तसाच ठेवून दोन महिने काढले तर कूज खोडही धरेल.

कलम_आणि_खुंट

इथे माझं मत वेगळं आहे, म्हणून लिहितो. भर एप्रिलमध्ये मातीचा गोळा फोडून, मुळं धुऊन नवीन मातीत लावायचं म्हणजे आहेत ती चांगली मुळंही तुटणार. पानं पाणी मागत राहणार आणि मुळं देऊ शकणार नाहीत. अशी झाडं आठ-दहा दिवसांत उभी वाळतात. पूर्ण माती बदलायची ती दोन-तीन चांगले पाऊस पडल्यावर, जूनच्या शेवटी.

तोपर्यंत क्षार धुवून काढा आणि सावली द्या.

चुनखडी_वाफसा

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण 'आधी क्षार धुवा' याला माझा विरोध आहे. क्षार काढायला कुंडीतल्या मातीच्या दुप्पट, म्हणजे ८० लिटर पाणी लागेल. भोकं बुजलेली असताना एवढं पाणी ओतलं तर उरलेली मुळं बुडून मरतील. आधी निचरा, मग धुणं. हा क्रम उलटा झाला की झाड हातचं जातं.

मुळाशी_आधी

हे मान्य. मग मधला रस्ता घेऊ: गोळा फोडायचा नाही, मुळं धुवायची नाहीत, फक्त तळ बदलायचा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर करा, मदतीला एक माणूस घ्या.

आदल्या दिवशी माती वाफशावर, म्हणजे जेमतेम ओलसर, असू द्या, चिखल नको. गोळा बाहेर काढा, ओल्या पोत्यावर ठेवा. तळाचा कुजका, वासाचा थर चाकूने सरळ कापून टाका. साधारण तीन-चार इंच जाईल. पश्चिमेच्या बाजूचा मेलेला भाग बोटाने मोकळा करून झाडा. पिवळसर, घट्ट मूळ दिसलं की थांबा. कुंडी धुवा. तळाला असलेली भोकं मोठी करा आणि तळापासून इंचभर वर, बाजूच्या भिंतीला अर्ध्या इंचाची चार नवी भोकं पाडा. तळाला खड्यांचा जाड थर देऊ नका. त्याने निचरा वाढत नाही, उलट ओल थराच्या वरच अडून राहते आणि मुळांना जागा कमी पडते. भोकांवर जाळीचा तुकडा पुरेसा.

भरायचं मिश्रण: लाल माती किंवा नदीकाठचा पोयटा ३ भाग, भरड वाळू किंवा ४-५ मिलिमीटरचा विटांचा चुरा ३ भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत २ भाग, धुतलेलं कोकोपीट २ भाग. बादलीभर मिश्रणाला मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून पिळून घ्या, त्यातही मीठ असतं. क्रश सँड वापरणार असाल तर चाळून धूळ काढून टाका, नाहीतर ती सिमेंटसारखी बसते. काळी माती अजिबात नको. शेतात ती सोनं आहे, पण कुंडीत ओली असताना हवा कोंडते आणि सुकली की भिंतीपासून सुटते. मग पाणी फटीतून सरळ खाली जातं आणि गोळा आत कोरडाच राहतो.

झाड आधी होतं त्याच उंचीवर बसवा, खोडावर माती चढवू नका. काठ दोन इंच रिकामा ठेवा. कुंडी तीन विटांवर ठेवा, खाली बशी नको.

दुसऱ्या दिवशी मेटॅलॅक्सिल आणि मँकोझेब एकत्र असलेलं बुरशीनाशक लिटरला २.७५ ग्रॅम घेऊन तीन लिटर द्रावणाची आळवणी करा, म्हणजे ते मुळाशी मातीत ओता. हातमोजे, मास्क घाला आणि उरलेली फळं तोडून टाका. ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) द्यायचा असेल तर पंधरा दिवसांनंतर. दोन्ही एकत्र दिलं तर रसायन ट्रायकोडर्मालाच मारेल.

चुनखडी_वाफसा

त्यानंतर चार-पाच दिवसांनी क्षार धुवायला घ्या. नळाचं पाणी येईल त्या दिवशी दोन ड्रम भरून ठेवा. बोअरच्या पाण्याने धुवू नका. २० लिटर हळूहळू, शॉवरने, तासाभरात. असं दोन दिवसांत चार वेळा. खालून येणाऱ्या पाण्याचा आकडा वरच्या पाण्याच्या दीडपटीच्या आत आला की थांबा.

पुढे रोजचे तांबे बंद. दोन इंच खोल बोट घाला, तिथे कोरडं लागलं तरच पाणी. द्याल तेव्हा चार-पाच लिटर, म्हणजे थोडं पाणी खालून बाहेर पडलं पाहिजे. या उन्हात साधारण एका-दोन दिवसांआड लागेल. नळाचं पाणी पुरलं नाही आणि बोअरचं द्यावंच लागलं, तर १० लिटरच्या बादलीत २ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून पीएच पट्टीने पाहा. ६ ते ६.५ यायला हवं, पीएच त्याहून जास्तच राहिला तर ३ ग्रॅम. मात्र लिंबूसत्त्वाने पाण्यातला चुना मोडतो, मीठ जात नाही. ११५० चा आकडा तसाच राहील, म्हणून बोअरच्या पाण्यानंतर एकदा नळाचं भरपूर पाणी हवंच.

कलम_आणि_खुंट

गोळा न फोडता असेल तर माझी हरकत नाही. सावलीचं मी सांगतो. पन्नास टक्क्यांची शेडनेट, दुपारी ११ ते संध्याकाळ, आणि ती पश्चिमेला उभीही लावा, नुसती डोक्यावर नको. कुंडीभोवती गोणपाट गुंडाळा किंवा बाहेरून पांढरा रंग द्या. मातीवर उसाचं पाचट किंवा कडब्याचे तुकडे दोन इंच, खोडापासून चार बोटं लांब. पानं गळून उघड्या पडलेल्या जाड फांद्यांची साल उन्हाने फाटते आणि त्या फटीतून शेंडेमरीची बुरशी शिरते. त्यांना बाहेरच्या भिंतीचा पांढरा रंग अर्धं पाणी घालून लावा.

आता छाटणी, म्हणजे सल काढणं. पश्चिमेच्या दोन मेलेल्या फांद्या आत्ता काढा. सुतळीच्या खाली, जिवंत भागात दोन-तीन इंच जाऊन, बेचक्याशी कापा. कापलेलं तोंड नीट पाहा. लाकूड स्वच्छ पांढरट असेल तर झालं. मध्ये तपकिरी डाग किंवा पट्टा दिसला तर अजून खाली जा. प्रत्येक कापानंतर कात्रीचं पातं सर्जिकल स्पिरिटने पुसा. बाकीचे उघडे पण हिरवे शेंडे ठेवा. पावसात कुठून फुटवा येतो ते पाहून मग कापा, नाहीतर फुटणाऱ्या काड्या आपणच काढून टाकतो.

कापलेल्या तोंडाला बोर्डो मलम. एका झाडाला ५० ग्रॅम मोरचूद, ५० ग्रॅम कळीचा चुना, अर्धा लिटर पाणी पुष्कळ होतं. मोरचूद प्लॅस्टिकच्या भांड्यात निम्म्या पाण्यात रात्रभर भिजत घाला. चुना दुसऱ्या भांड्यात विझवून गाळून घ्या. दोन्ही एकत्र ढवळा. त्यात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा: तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा आहे, थोडा चुना वाढवा. थर येईनासा झाला की लावायला तयार. त्याच दिवशी वापरा, कुंडीत सांडू देऊ नका.

अक्कलकोटरोड_बाग

मध्येच विचारते. माझ्या मोसंबीच्या कलमाला मातीलगत डिंक येतोय, पण शेंडे अजून बरे आहेत. हेच करू का?

कलम_आणि_खुंट

तो डिंक्या, ताई. कलमाचा जोड मातीत गाडला गेलाय का ते आधी पाहा. जोड मातीपासून सहा इंच तरी वर हवा. गाडला असेल तर माती उकरून मोकळा करा. डिंकाची जागा धारदार चाकूने निरोगी सालीपर्यंत खरवडा, खरवडलेलं उचलून जाळा, जागा कोरडी होऊ द्या आणि मग बोर्डो मलम. मुळाशी वर सांगितलेली आळवणी. त्याऐवजी फोसेटिल-ॲल्युमिनियम लिटरला अडीच ग्रॅम फवारलं तरी चालतं, फक्त ते ताम्रयुक्त औषधाबरोबर किंवा त्याच्या लगेच मागेपुढे फवारू नका, पानं भाजतात. जोडाच्या खालून लांब काट्यांचे फुटवे येत असतील तर ते खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचे, बुडातून काढा.

अंगणातली_जास्वंद

लिंबाला राख आणि अंड्याची टरफलं चांगली असं सगळे सांगतात. ती देत राहायची का?

चुनखडी_वाफसा

नको. टरफलं म्हणजे चुनाच, आणि राख सामू (पीएच) वाढवते. कोकणातल्या जांभ्याच्या आंबट मातीत त्यांचा उपयोग असेल. आपल्या मातीत चुनखडी मुळातच जास्त आहे. डीएपीतला स्फुरद वर्षानुवर्षं साठला की जस्त अडतं, तेव्हा तेही थांबवा. जुळे सोलापूरच्या ताईंनी तर जूनपर्यंत कोणतंच रासायनिक खत देऊ नये. आजारी मुळांवर खत म्हणजे आणखी क्षार. आणि आलेली फुलं, गुंड्या खुडून टाका, झाडाला आत्ता बहार परवडत नाही.

गच्ची_जुळेसोलापूर (जुलै)

सगळं याच क्रमाने केलं. धुतल्यावर आकडा ३४०० वरून ९०० वर आला. सुतळ्यांच्या खाली वाळणं सरकलं नाही. आता पावसाने खोडाजवळून आणि मधल्या काड्यांवर नवती (नवी कोवळी पालवी) फुटली आहे. पण पानं अजून पिवळी, शिरा हिरव्या, काही पानांवर चंदेरी नागमोडी रेघा. आणि दोन फुटवे जाडजूड, सरळ वर चाललेत.

मुळाशी_आधी

छान झालं. सीमा थांबली म्हणजे मुळं सावरली. आता न फुटलेले वाळके शेंडे काढून टाका. सरळ जाणारे दोन फुटवे पानसोट आहेत, म्हणजे नुसतेच जोमाने वर वाढणारे. पश्चिमेची बाजू मोकळी झाली आहे, तेव्हा त्या दिशेचा एक ठेवा, दीड फुटावर शेंडा खुडा म्हणजे फांद्या फुटतील. दुसरा बुडातून काढा.

चंदेरी रेघा नागअळीच्या. पानं कोवळी असतात तेवढाच काळ ती लागते. निंबोळी अर्क ५ टक्के, नवती फुटताना आठवड्याच्या अंतराने दोनदा. रेघा आलेली पानं तोडू नका, उरलेला हिरवा भाग झाडाला अन्न देतोय. पण त्या जखमांतून खैऱ्या (पानाफळांवर खरबरीत डाग पाडणारा रोग) शिरतो, म्हणून पावसाळ्यात एकदा कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला ३ ग्रॅम फवारा. आपल्याकडे डाळिंबाचे तेलकट डाग पाहिलेले लोक खैऱ्यालाही तेलकट म्हणतात. दोन्ही जिवाणूंचे रोग, पण डाळिंबाचा लिंबावर येत नाही.

चुनखडी_वाफसा

पिवळेपणासाठी लोह, पण 'ईडीडीएचए' प्रकारचं चिलेट मागा. साधं ईडीटीए लोह आपल्या चुन्याच्या मातीत टिकत नाही. ५ ग्रॅम ५ लिटर पाण्यात, द्रावण लालभडक होईल, ओल्या मातीत संध्याकाळी आळवणी करा. उन्हात ते विघटित होतं. जस्त पानांवरून: चिलेटेड झिंक लिटरला अर्धा ग्रॅम, नवती दोन तृतीयांश मोठी झाल्यावर, सकाळी आठच्या आत. लोह दिल्यावर नवीन येणारी पानं हिरवी येतात का ते पाहा. जुनी पूर्ण हिरवी झाली नाहीत तरी काळजी नको.

ऑगस्टपासून खत सुरू करा: महिन्याला १० ग्रॅम अमोनियम सल्फेट आणि ५ ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश, ओल्या मातीवर काठाकडून पसरून लगेच पाणी. अमोनियम सल्फेट मुळांजवळची माती किंचित आंबट करतं, म्हणून युरियापेक्षा ते बरं. दर दोन महिन्यांनी वाटीभर पाणी खालून धरून मोजत राहा. आकडा २००० च्या पुढे गेला की नळाच्या ४० लिटर पाण्याने पुन्हा एक धुणं.

कलम_आणि_खुंट

आणि उरलेली काळी माती ऑगस्टच्या आत, पाऊस असतानाच काढा. एका वेळी गोळ्याची एकच बाजू, कडेने तीन इंच. दुसरी बाजू पुढच्या पावसाळ्यात.